तोंड वाकडं न करता

ओइकावांचं घर, सान्रिकु किनारा
जूनचा तिसरा आठवडा

ती. फुमिए ताईस,
धाकट्या शुन्पेइचा गुडघे टेकून नमस्कार.

पत्राच्या आरंभी ऋतुवर्णन नसलं तर तू पुढे वाचत नाहीस, म्हणून ते आधी उरकतो. इकडे पावसाची रिपरिप आहे, हायड्रेंजियाचे निळे गुच्छ पाण्याच्या ओझ्याने वाकले आहेत, आणि किनाऱ्यावर इतकं दाट धुकं आहे की समोर समुद्र आहे हे केवळ शब्दप्रमाणावर मानावं लागतं. झालं ऋतुवर्णन. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं असतानाही मासे मुरवायच्या पिंपांवरचे दगड तू स्वतःच हलवतेस, अशी बातमी इथवर आली आहे. (बातमी कोणी दिली ते विचारू नकोस. या गावात मी सोडून तुला ओळखणारं एकच माणूस आहे, एवढंच सांगतो.) माझ्या प्रकृतीचं म्हणशील तर देह आहे, त्यात पोट आहे, आणि त्या पोटावर गेल्या तीन दिवसांत काय काय गुदरलं हे सांगण्यासाठीच हे पत्र. फोनच केला असता, पण फोनवर तू मला क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीस, आणि आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं हा काही माझा अपराध नव्हे.

प्रथम तू मला दिलेली कामगिरी तुझ्याच शब्दांत लिहून काढतो, म्हणजे पुढे ‘मी असं म्हणालेच नव्हते’ हे प्रकरण उद्भवणार नाही. तुझ्या सावाकोने इथल्या मत्स्यसंशोधन केंद्रात नोकरी धरली, इथल्याच, समुद्रात होया पिकवणाऱ्या ओइकावांच्या मुलाशी, हिरोमुशी, लग्न करायचं ठरवलं, आणि गेल्या महिन्यात घरी येऊन तुला तसं सांगितलं. अशा वेळी इतर आया मुलाचं शिक्षण विचारतात, पगार विचारतात, गेलाबाजार थोरला की धाकटा एवढं तरी विचारतात. तू पिंपाचं झाकण उघडलंस, तीन वर्षं भातात मुरलेला मासा बाहेर काढलास आणि म्हणालीस, “ही आपली फुनाझुशी त्यांच्या घरी ने. घरातल्या प्रत्येकाने तोंड वाकडं न करता खाल्ली तर मुलगी दिली. नाही तर नाही.” परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी संस्कृतचा मास्तर, समोरच्यांची तोंडं वाकडी होताना पाहण्यातच माझी हयात गेली.  दारात बूट घालताना सावाको मला हळूच म्हणाली, “मामा, आईला नाहीच म्हणायचंय ना?” मी म्हटलं, तुझी आई असं कधी करायची नाही. माझं खरं मत मी राखून ठेवलं आहे.

आता प्रवास, मला न्यायला आलेल्या सावाकोबरोबर. मासा तू वर्तमानपत्रात गुंडाळलास, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर पत्र्याचा डबा, त्यावर रेशमी रुमाल. गंध हा पृथ्वीचा गुण आहे, असं माझ्या विषयातले जुने पंडित सांगतात. तो पत्र्याने अडतो असं त्यांनी कुठंही म्हटलेलं नाही. आपण दोघं त्या वासातच वाढलो, त्यामुळे आपल्याला तो लोकांच्या वागण्यावरून अनुमानाने कळतो. तसा मला तो नागोयाला कळला. तिथं माझ्या शेजारी सुटाबुटातले एक गृहस्थ येऊन बसले. बसल्या बसल्या त्यांनी फोन काढला, तो वाजलेला नसताना त्याच्यापुढे मान लववली, मला “माफ करा हं, जरा फोन आहे,” म्हणाले, आणि बॅग, छत्री व कोट घेऊन दाराबाहेर बोलायला गेले. ते अजून बोलत असावेत. पुढच्या आसनावरच्या बाईंना एकाएकी फुजी पर्वत पलीकडच्या खिडकीतून बघावासा वाटला (ढगांमुळे तो कुठल्याच खिडकीतून दिसत नव्हता). शेवटी कंडक्टर आला. त्याने टोपी काढली, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “साहेब, आपली तब्येत बरी आहे ना?” मी बरी आहे म्हटल्यावर, “काही लागलं तर अवश्य सांगा,” असं म्हणून तो आमच्याकडे पाठ न करता, देवळातून निघावं तसा, उलट्या पावलांनी गेला. एकाने जरी धडधडीत तक्रार केली असती तर मी तो डबा दाराजवळच्या फळीवर नेऊन ठेवला असता. पण आपल्या लोकांच्या तोंडून तक्रार काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं. तेव्हा तक्रार नाही म्हणून डबा जागेवर, आणि डबा जागेवर म्हणून माणसं गायब, अशा अवस्थेत आम्ही तोक्योला पोचलो.

जिथं जे प्रसिद्ध ते तिथं जाऊन खायचं, हा माझा प्रवासाचा नियम तू जाणतेस. हा नियम माझ्या हाडवैऱ्याने केला असावा असं आता वाटतं. तोक्योला गाडी बदलताना मी सेंदाईचा तो नामांकित, बैलाच्या भाजलेल्या जिभेचा जेवणाचा डबा घेतला. (सेंदाईचा पदार्थ तोक्योत विकत घेऊन सेंदाई यायच्या आत संपवायचा, यात देश आणि काळ दोन्हींचा घोळ आहे, पण भूकही होती.) या डब्याला एक दोरी असते, ती ओढली की तळातला चुना पाण्याला भेटतो आणि डबा आपोआप तापतो. ज्याचं पोट वाणीवर चालतं त्याने जीभ खावी का, या विचारात मी दोरी ओढली. डबा हाताला चटकायला लागला तसा मी तो पटकन खाली ठेवला. खाली तुझा पत्र्याचा डबा होता. ऊब वरून खाली गेली, आणि मग जे काही झालं ते खालून वर आलं. गाडीच्या त्या भागात त्यानंतर मी, सावाको आणि गाढ झोपलेला एक विद्यार्थी एवढेच उरलो. थोड्या वेळाने तो विद्यार्थीही जागा झाला.

मोरिओकाला हिरोमु मोटार घेऊन आला होता. उंच, उन्हाने रापलेला, बोलायला अगदी बेताचा. गाडीत डबा ठेवताना त्याने खिडक्या उघडल्या, पण पाऊस आत येतोय हे दिसत असूनही कारण सांगितलं नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवलं. “मामासाहेब, मोरिओकाला आलात तर इथला सोबा खाल्ल्याशिवाय सोडायचं नाही, असं घरून सांगितलंय,” तो म्हणाला. हा सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवयाच, पण वाढायची तऱ्हा वेगळी. हातात एक वाडगी देतात. मागे एक मुलगी उभी राहते. वाडगीतला घासभर सोबा संपला की ती “घ्या, घ्या,” म्हणत दुसरा घास टाकते. थांबायचं तर रिकाम्या वाडगीवर झाकण घालायचं. पण वाडगी रिकामी झाली की झाकण पोचायच्या आत तिचा हात पोचतो. तरीही एखादा बेरकी माणूस यातून सुटला असता. आमची अडचण वेगळी होती. हिरोमु यजमान, त्यामुळे पाहुण्याच्या आधी झाकण घालणं त्याला शोभणारं नव्हतं. मी मुलीकडचा वडीलधारा, त्यामुळे यजमान जेवत असताना मी थांबलो तर त्याच्या आतिथ्यात खोट काढल्यासारखं झालं असतं. तो माझ्याकडे बघून खात होता, मी त्याच्याकडे बघून खात होतो, आणि दोघांच्याही कपाळावर घाम होता. शेवटी सावाकोने दोन्ही हातांनी दोघांची झाकणं एकदम घातली आणि म्हणाली, “मला तुम्ही दोघंही लग्नापर्यंत जिवंत हवे आहात.” तिने शब्द उच्चारला ‘लग्न’, आणि मला आठवलं की मी परीक्षक आहे. मी गंभीर चेहरा केला. पोटामुळे तो सहज झाला.

घर टेकडीवर आहे, त्सुनामीच्या लाटेनंतर नव्याने बांधलेलं. खाली बंदर, आणि त्यापलीकडे धुक्यात त्यांचे दोर, ज्यांना होया वाढतात. आपण तळ्याकाठची माणसं, तेव्हा तुला होया सांगावा लागेल. नारिंगी रंगाची, गाठीगाठींची एक मूठ, आणि तिला वर दोन शिंगं. हा प्राणी आहे की वनस्पती, हा संशय त्याला स्वतःलाही असावा. सुरी लावली की शिंगातून खारं पाणी उडतं, ते माझ्या चष्म्यावर उडालं, आणि आपले होणारे व्याही, ओइकावा, कौतुकाने म्हणाले, “बघा, ओळखतोय तुम्हाला.” चवीचं काय सांगू. शास्त्राने सहा रस मोजले आहेत आणि एका पदार्थात दोन-तीन असले की भागतं. इथं खारट, आंबट, कडू, तुरट आणि गोड अशी सगळी मंडळी एकाच वेळी दारातून आत घुसतात आणि आधी कोण आलं यावरून जिभेवर भांडत बसतात. वर वास असा, की बंदरातली जुनी नाव उलटी करून तिचा तळ चाटायला दिला आहे. नंतर पाणी प्यायलं तर ते मात्र साखर घातल्यासारखं लागतं. मी पुष्कळ पाणी प्यायलो.

आणि इथं माझा घात झाला. क्योतोत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून अशा वेळी जे निघायचं तेच निघालं. मी म्हणालो, “फारच खोल चव आहे. इतक्या मोलाच्या गोष्टीचा एक घास लाभला, मी धन्य झालो.” क्योतोत शाळकरी पोरालाही याचा अर्थ कळतो, यजमानीण हसून ताटली उचलते आणि विषय बदलते. व्याही उठून उभे राहिले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, “अगं ऐकलंस का, मास्तरांना एकाने काय होतंय. बादली आण.” मी घाईघाईने म्हणालो, नको, उगाच आपल्याला तसदी. “तसदी कसली, दोर भरलेत,” म्हणून त्यांनी दुसरी मूठ फोडली. मी म्हटलं, मला एवढा मान झेपणार नाही. “लाजू नका हो,” असं म्हणून तिसरी. जितकं मी नम्र झालो तितकी बादली खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसोच्या कढणात होया, भातात होया, आणि तोंडी लावायला वाफवून वाळवलेला होया. क्योतोच्या मास्तरांना होयाचं वेड आहे ही बातमी बंदरावर गेली, आणि शेजारपाजारची माणसं आपापल्या दोरावरचे निवडक होया घेऊन दारात हजर झाली. (“ओइकावाचा खाल्लात, आता आमचा खाऊन सांगा, कुणाचा बरा.” यावर मी काय सांगितलं असेल ते तू जाणतेस, आणि त्याचा काय परिणाम झाला असेल तेही.) सावाको मला ओसरीवर घेऊन गेली. “मामा, इथं नको असलं की नको म्हणतात.” मी विचारलं, नको कसं म्हणायचं? “नको, असं.” मी दोन-तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. तीस वर्षं पोरांना धातूंची रूपं शिकवली, पण एवढं एक रूप मला काही चालवता आलं नाही.

परीक्षा त्याच दुपारी जेवताना झाली. तुझी अट मी कोणाला कळू दिली नव्हती. पण सावाकोने ती हिरोमुला, हिरोमुने आईला आणि आईने सहकारी संस्थेतल्या बायकांना कधीच सांगितलेली होती. व्याही तर पंधरा दिवस सराव करत होते, निळी बुरशी चढलेल्या परदेशी चीजवर. मी रुमाल सोडला, पत्रा उघडला. विहीणबाई उठल्या आणि पावसाचा अंदाज घ्यायचा म्हणून सगळ्या खिडक्या उघडून आल्या. घरातलं मांजर कुठूनसं आलं आणि माशासमोर हात जोडल्यासारखं बसलं. तुझ्या कलेला निर्व्याज दाद एवढी एकच मिळाली. मी पातळ काप केले, आतली गाबोळी शेंदरी दिसेल असे, तू शिकवलेस तसे.

आता निकाल, आणि तो मी तुझ्या अटीच्या अक्षराला धरून देतो. अंतःकरणातला भाव देहावर उमटतो त्याच्या आठ खुणा जुन्या पंडितांनी सांगितल्या आहेत: ताठरणं, घाम, अंगावर काटा, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं. या आठ खुणा मी दर वर्षी फळ्यावर लिहितो, पण एकाच माणसावर ओळीने उमटताना कधी पाहिल्या नव्हत्या. सातव्या खुणेपर्यंत व्याही न थांबता गेले. आठवी त्यांनी टेबलाची कड धरून परतवली. “उत्तम,” ते म्हणाले, पण कोणाच्या आवाजात ते कळलं नाही. विहीणबाईंनी घास घेताना रीतीप्रमाणे तोंडावर हात धरला, तो जेवण संपेपर्यंत खाली आला नाही. तेव्हा त्यांच्याबाबत प्रत्यक्ष प्रमाण नाही, परंतु हाताच्या वर जे दोन डोळे दिसत होते त्यांवरून अनुमान निघतं. हिरोमुने काप चावलाच नाही, औषधाच्या गोळीसारखा गिळला, आणि डोळ्यांतलं पाणी पुसत “मोहरी झोंबली,” म्हणाला. पानात मोहरी नव्हती.

राहिल्या तोमे आजी, व्याह्यांच्या आई. त्यांनी काप तोंडात टाकला, सावकाश चावला, चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही, आणि म्हणाल्या, “हे नासलंय.”  “किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं. तीन वर्षं, मी म्हटलं. “मग तीन वर्षांपूर्वीच टाकून द्यायचं होतं.” असं म्हणून त्यांनी दुसरा काप घेतला, तिसरा घेतला, उरलेला भातावर ठेवून वरून कडक चहा ओतला आणि वाडगा पुसून खाल्ला. “नासवायला एवढा धीर माझ्याच्याने झाला नसता,” म्हणाल्या. तुझ्या अटीत चेहऱ्याचा उल्लेख आहे, बोलण्याचा नाही, त्यामुळे आजी पास.

व्याही मला म्हणाले, “मास्तर, आमचं काय? क्योतोचं नको, सरळ सांगा.” आणि ताई, त्यांनी असं विचारल्यावर मला सरळ सांगावं लागलं. एक पास, तीन नापास. खोटं लिहिणार नाही म्हणून तू मला पाठवलंस, तेव्हा हेच तुलाही लिहितो. तुझ्या अटीप्रमाणे हे लग्न होत नाही. लोभ आहेच.

तुझा,
शुन्पेइ

ता. क. निकाल ऐकल्यावर सावाको उठली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. ती आधीच घासलेली होती. हिरोमु तिच्या शेजारी उभा राहून ती पुन्हा पुसत होता.  हे मी परीक्षक म्हणून लिहीत नाही.

ता. क. दुसरा. तोमे आजींनी बराच वेळ मोरीकडे पाहिलं आणि मग त्यांनीही अट घातली. “अटी काय तिलाच घालता येतात? पोरीच्या आईने आमचा होया खायचा. ताजा, कच्चा. तोंड वाकडं न करता. नाही तर आमचा मुलगाही मिळायचा नाही.” व्याही म्हणाले, “आई, कशाला उगाच?” आजी म्हणाल्या, “तू गप. तू नापास झालायस.” यावर मी थोडं तर्कशास्त्र लावलं. तू होया तोंड वाकडं न करता खाल्लास तर तू जिंकलीस, तुझी अट अबाधित, लग्न मोडलं. पण तुझं तोंड वाकडं झालं तर दोन्हीकडचे सारखेच नापास, आणि नापासांनी नापासांना नावं ठेवू नयेत म्हणून दोन्ही अटी रद्द. हा न्याय मी तुला न विचारता जाहीर करून टाकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केला. आजींनीसुद्धा. तेव्हा या लांबलचक पत्रातली माझी विनंती एवढीच: कृपा करून तोंड वाकडं कर. तुला ते जड जाईल हे मी जाणतो. सावाकोच्या वडिलांच्या अंत्यविधीतही तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, आणि घरी परतून तू पिंपाचे दगड मोजायला गेली होतीस.

ता. क. तिसरा. होयाची पेटी घेऊन शनिवारी सावाको स्वतः येते आहे. ती तुझ्यासमोर बसून फोडणार, आणि निकालही तीच देणार. मी राजीनामा दिला आहे. एक गोष्ट तुला सांगू नका म्हणून तिने बजावलं होतं, तरी सांगतो. पहिल्या दिवशी मी त्या बादलीशी झुंजत होतो तेव्हा ती शेजारी बसून होया खात होती. तिच्या तोंडाकडे माझं लक्ष होतं, सवयीने. ते कुठंही वाकडं झालं नाही. तिची ताटली संपली तशी तिने न विचारता आजींच्या ताटलीतला एक उचलला, आणि आजींनी, बोलणं न थांबवता, ताटली तिच्या बाजूला सरकवली.